मुळ्याच्या पानावर बावीस पाय

भातकापणी आटोपली की कर्जतकडच्या शेतांचं रूप पालटतं. खाचरात नुसती धसकटं उरतात, त्यात कुणी वाल टाकतं, कुणी मूग. राजनाल्याचं पाणी जिथवर पोचतं तिथे भाजीचे वाफे हिरवे होऊ लागतात. हे पाणी येतं भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून. तिथे वीज तयार करून सुटलं, की कालव्याने ते शेतांकडे वळतं. भिसेगाव तर कर्जत स्टेशनला लागूनच. आता तिथे इमारती वाढल्या आहेत, पण चार हात मोकळी जागा मिळाली की मुळा, माठ, मेथी लावणारी माणसं अजून आहेत. आपल्याला आज मुळ्याशीच काम आहे.

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, मुळ्याच्या वाफ्यापाशी उकिडवे बसा. रोपं लहान हवीत, तीन-चार आठवड्यांची. जून पानांत आपली पाहुणी सापडायला वेळ लागतो. आधी पानाकडे बघा. कडेने कुरतडलेलं आहे का? मधे बारीक बारीक भोकं आहेत का? असतील तर हात न लावता पान हळूच खालून बघा. काळपट हिरवी, अंगावर सुरकुत्याच सुरकुत्या असलेली, पाठीवर लांबट काळे पट्टे ओढलेली एखादी अळी दिसेल. डोकं काळं, चकचकीत. पुरी वाढलेली असली तर लांबी १६ ते १८ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाहून थोडी जास्त.

आता गवताची काडी घ्या आणि तिला अगदी हलकेच शिवा. बघितलंत? अंग वळवून टपकन खाली पडली! मातीवर पडून राहिली आहे, हलत नाही, चालत नाही. मेली वाटते, पण मेलेली नाही. तुम्ही मिनिट-दोन मिनिटं गप्प बसून राहिलात तर ती अंग सैल करील आणि पुन्हा रोपाकडे निघेल. पक्ष्याची चोच पानावर आली, की मातीत पडून मेल्याचं सोंग घेणारी अळी काळ्या ढेकळांत त्याला दिसणार कशी?

वाफ्यावरच्या आजीला विचारलंत तर त्या म्हणतील, "काळी अळी पडली रे बाबा मुळ्यावर." आणि हे खरंच आहे. पण अळी कुणाची? पतंगाची? फुलपाखराची? की तिसऱ्याच कुणाची? हे शोधून काढायला प्रयोगशाळा लागत नाही. एक भिंग लागतं, आणि मोजणी. चला, मोजायला लागू.

खाली पडलेली अळी चमच्याने उचलून पांढऱ्या बशीत ठेवा. ती चालू लागली की बाजूने भिंग धरा. डोक्यामागे लगेच तीन जोड्या पाय दिसतील, टोकदार, सांधे असलेले. हे खरे पाय. कुठल्याही कीटकाला असतात तेच सहा. अळी मोठेपणी माशी होवो, पतंग होवो, हे सहा पाय पुढेही असतात, फक्त त्यांचं रूप बदलतं.

त्याच्यामागे पोटाखाली मऊ, गुबगुबीत, बिनसांध्याचे पाय आहेत. हे पाय फक्त लहानपणापुरते. अळीपण संपलं की तेही गेले. पतंगाच्या आणि फुलपाखराच्या अळीला असे पोटावरचे पाय बहुधा जास्तीत जास्त पाच जोड्या. पाठ कमानीसारखी उचलत चालणारी उंटअळी तुम्ही पाहिली असेल. तिला दोन किंवा तीनच जोड्या असतात, मधे पाय नसल्यामुळेच ती कमान करत चालते. मुळ्यावर आणि कोबीवर येणारी दुसरी एक नेहमीची अळी म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. छोटी, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. हात लावला की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. तिला पोटावर बरोबर पाच जोड्या.

आता आपल्या काळ्या अळीच्या मोजा. सावकाश. पाच झाल्या, सहा झाल्या, सात... आठ! आठ जोड्या पोटावर, तीन जोड्या छातीवर. एकूण बावीस पाय. भाजीवर येणाऱ्या पतंगाच्या कुठल्याही अळीला एवढे पाय नाहीत.

मोजताना चुकायला होत असेल, तर एक सोपी खूण सांगतो. खऱ्या पायांच्या शेवटच्या जोडीनंतर शरीराची किती कडी बिनपायांची आहेत ते बघा. पतंगाच्या अळीत निदान दोन कडी मोकळी जातात आणि तिसऱ्यापासून पोटावरचे पाय सुरू होतात. आपल्या अळीत एकच कडं मोकळं, दुसऱ्यापासून पाय सुरू. भिंग बरं असेल तर आणखी पुढे जा. पतंगाच्या अळीच्या मऊ पायांच्या तळव्याला बारीक आकड्यांची रांग असते, त्या आकड्यांनी ती पान घट्ट पकडते. आपल्या अळीच्या तळव्याला आकडे नाहीत. आणि डोळे? पतंगाच्या अळीच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला बहुधा सहा इवलेसे डोळे असतात, हिला एका बाजूला एकच. मात्र हिचं डोकंच काळं, त्यामुळे काळा डोळा शोधताना तिरपा उजेड पाडावा लागतो. पाय मोजणं त्यापेक्षा सोपं.

मोजणीने निकाल लागला. ही पतंगाची अळी नाही, फुलपाखराची नाही. ही करवतमाशीची अळी. शेतीच्या पुस्तकांत हिला मोहरीवरची करवतमाशी किंवा मस्टर्ड सॉफ्लाय म्हणतात. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सलगम अशी सगळी एकाच कुळातली झाडं तिला चालतात. कर्जतकडे मोहरीचं पीक फारसं नाही, म्हणून मुळा तिच्या वाट्याला येतो.

आता थोरली माशी बघू. वाफ्यावर ऊन आलं की नारिंगी पिवळ्या अंगाची, डोक्यावर आणि छातीवर काळे डाग असलेली, धुरकट पंखांची एक छोटी माशी रोपांभोवती संथ उडताना दिसेल. लांबी सेंटीमीटरभरही नाही. पंखांवरच्या शिरा काळ्या. इथे पुन्हा मोजायचं. घरातल्या माशीला पंखांची एकच जोडी असते, हिला दोन. पुढचा पंख आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून उडताना ते एकच वाटतात. दोन जोड्या पंख आणि त्यांना जोडणारे आकडे म्हटल्यावर कोण कोण आठवतं? मधमाशी. गांधीलमाशी. पंख फुटलेली मुंगी. बरोबर. आपली करवतमाशी त्यांच्याच गणातली आहे. या गणाचं नाव हायमेनॉप्टेरा. जगात त्याच्या दीड लाखाहून जास्त जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत, आणि त्यांत करवतमाश्या व त्यांचे जवळचे नातलग मिळून आठ हजारांच्या आसपास.

मग गांधीलमाशीसारखी ही डसते का? नाही. हिला नांगीच नाही. मुलांनी हातावर घेतली तरी काही होत नाही, ती बिचारी उडून जायला बघते. दुसरा मोठा फरक कमरेचा. गांधीलमाशीची किंवा मुंगीची कंबर किती बारीक असते! छाती आणि पोट यांच्यामध्ये जणू धागाच. करवतमाशीला ती कंबर नाही. छाती जिथे संपते तिथून पोट तेवढ्याच जाडीने सुरू होतं. शास्त्रज्ञ या गणाची पूर्वीपासून याच खुणेवर दोन भागांत विभागणी करत आले आहेत, बिनकंबरेच्या आणि बारीक कंबरेच्या.

बिनकंबरेच्या आधी आल्या. हायमेनॉप्टेराचे सर्वांत जुने जीवाश्म करवतमाश्यांचे आहेत, २० कोटी वर्षांहूनही जुन्या खडकांतले. डायनोसॉर तेव्हा नुकते कुठे वाढू लागले होते. तुम्ही भिसेगावातून माथेरानचा डोंगर बघता ना? तो ज्या काळ्या दगडाचा आहे तो ज्वालामुखीचा लाव्हा थिजून झाला, आणि तो लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला सह्याद्री तयार झाला तेव्हा करवतमाश्या पृथ्वीवर येऊन कितीतरी काळ लोटला होता. त्यांच्यासारख्याच प्राचीन माश्यांपासून पुढे बारीक कंबरेच्या गांधीलमाश्या आल्या, आणि गांधीलमाश्यांच्या वंशातून मुंग्या आणि मधमाश्या. तुमच्या घरातली साखरेला लागलेली मुंगी आणि मुळ्यावरची ही माशी यांचं नातं लांबचं असलं तरी पक्कं आहे.

या नात्याची एक गंमत सांगतोच. मधमाश्यांत अंड्याला नराचं बीज मिळालं तर मादी जन्मते, आणि नाही मिळालं तरी अंडं वाया जात नाही, त्यातून नर जन्मतो. करवतमाशीतही हाच कायदा. म्हणजे नराला बापच नसतो, आई असते आणि आजोबा असतात! सावकाश विचार करून बघा, आजोबा कुठून आले ते तुमचं तुम्हाला कळेल.

आता करवतीकडे येऊ, कारण माशीचं खरं आश्चर्य तिच्या शेपटीकडच्या टोकात आहे. मादीच्या पोटाच्या शेवटी अंडी घालण्याचं एक अवजार असतं. एरवी ते म्यानात असतं, दिसत नाही. अंडं घालायच्या वेळी ती पानाच्या कडेवर बसते, पोटाचं टोक खाली वळवते आणि ते अवजार बाहेर काढते. त्यात दोन पातळ पाती असतात, आणि त्या पात्यांच्या कडेला सुताराच्या करवतीला असतात तसे दाते. दोन्ही पाती एकदम पुढे जात नाहीत. एक पुढे जातं तेव्हा दुसरं मागे येतं, मग हे मागे आणि ते पुढे. असं सरकत सरकत पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधे एक छोटासा कप्पा तयार होतो. त्या कप्प्यात एक अंडं. मग थोडं पुढे सरकून दुसरा कप्पा, दुसरं अंडं. पानाच्या कडेलगत अशी एकेक अंडी घालत एक मादी तीसेक अंडी घालते. पान उजेडाकडे धरलंत तर कडेला बारीक फुगवटे दिसतात. आतलं अंडं पानातला ओलावा शोषून आणखी फुगतं.

या करवतीचा उपयोग माशीला अंड्यांसाठी होतो, आणि शास्त्रज्ञांना ओळखण्यासाठी. दोन जातींच्या करवतमाश्या बाहेरून अगदी सारख्या दिसू शकतात. तेच नारिंगी पोट, तेच काळे पंख. अशा वेळी करवत काढून काचेच्या पट्टीवर ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाते बघतात. दाते किती, किती खोल, कुठल्या बाजूला कललेले, हे जातीजातीला वेगळं असतं. म्हणून या माश्यांचं जातीपर्यंतचं वर्गीकरण करणाऱ्याला मादीच लागते. नुसता नर हाती आला, तर काम अवघड.

मग आपल्या माशीचं नाव काय? पूर्ण नाव अथालिया प्रॉक्झिमा. काही पुस्तकांत तिला अथालिया लुगेन्स प्रॉक्झिमा असं तीन शब्दांचं नावही दिलेलं आढळेल. याचं कारण, काही शास्त्रज्ञ तिला स्वतंत्र जात मानतात आणि काही जण तिला लुगेन्स नावाच्या जातीचीच एक उपजात धरतात. ही दोन्ही नावं १८१५ साली एकाच माणसाने दिली, बर्लिनच्या संग्रहालयातले कीटकशास्त्रज्ञ क्लूग यांनी. अथालिया ही प्रजाती दोन वर्षांनी, १८१७ मध्ये, इंग्लंडच्या लीच यांनी वेगळी काढली. त्यांच्याही आधी, १७५८ साली, स्वीडनच्या लिनियस यांनी जगभरच्या प्राण्यांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत बसवली, तेव्हा त्यांनी ठाऊक असलेल्या सगळ्या करवतमाश्या टेन्थ्रेडो नावाच्या एकाच प्रजातीत घातल्या होत्या. तेव्हापासून लोक त्या एका ढिगातून एकेक प्रजाती वेगळी काढताहेत.

आणि हे काम थांबलेलं नाही. अथालिया ही प्रजाती कित्येक वर्षं टेन्थ्रेडिनिडी या मोठ्या कुळात होती. पण तिच्या काही गोष्टी त्या कुळात बसत नव्हत्या. एक म्हणजे मिशा. त्या कुळातल्या बहुतेक माश्यांच्या मिशांना नऊ कांडी असतात, अथालियाच्या मिशांना बहुधा दहा-अकरा, आणि टोकाकडे त्या जाड होत जातात. अलीकडे शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला, तेव्हा त्यातूनही अथालिया बाकीच्यांपासून फार पूर्वी फुटून निघाल्याचं दिसलं. म्हणून आता काही जण तिला तिचं स्वतःचं कूळ देतात, अथालिइडी. तुमच्या हातातलं पुस्तक जुनं असेल तर त्यात एक कूळ आणि नव्यात दुसरं असं होईल. गोंधळू नका. माशी तीच आहे, तिच्याबद्दलची माहिती वाढली आहे.

आपल्याकडे हिची नोंद जुनी आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०९ साली 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा जाडजूड ग्रंथ काढला, त्यात मोहरीवरची ही माशी आहे. पुढे पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या मलकियत सिंग सैनी यांनी भारतातल्या करवतमाश्यांवर अनेक खंडांचं काम उभं केलं. बहुतेक करवतमाश्यांना थंड हवा आवडते, त्यामुळे हिमालयात त्यांच्या जाती भरपूर, आणि आपल्या कोकणपट्टीत कमी. अथालिया प्रॉक्झिमा मात्र सपाटीवरच्या शेतांतही सुखाने नांदते, फक्त हिवाळा बघून येते.

थंड हवेचं नाव निघालं, तर हिची एक चुलत बहीण भेटवतो. तिचं घर नाशपाती. बाजारात आपण घेतो ती नाशपाती काश्मीरकडून, हिमाचलकडून येते, झाड काही आपल्याकडे होत नाही. युरोपात नाशपातीच्या आणि चेरीच्या झाडावर कॅलिरोआ सेरासी नावाची करवतमाशी असते. हीसुद्धा लिनियस यांनी १७५८ साली नोंदली आणि चेरीच्या झाडावरून तिला नाव दिलं. तिथून ती अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका असं फिरत गेली, बहुधा रोपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून.

तिची अळी बघितलीत तर तुम्ही तिला अळी म्हणणारच नाही. सगळ्या अंगावर काळपट हिरवा, चकचकीत, बुळबुळीत थर. पुढचा भाग फुगलेला, मागे निमुळता. पाय दिसत नाहीत, डोकं दिसत नाही. पावसाळ्यात आपल्या भिंतींवर बिनशंखाच्या गोगलगायी फिरतात ना, तशीच अगदी. अमेरिकेत विल्यम डँड्रिज पेक यांनी १७९९ मध्ये तिच्यावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली आणि नावातही तिला गोगलगायच म्हटलं. पण तिला उलटी करा, थर बाजूला करा आणि मोजा. छातीवर तीन जोड्या सांधेदार पाय, पोटावर मऊ पायांची रांग! गोगलगायीला सांधेदार पाय कुठून येणार? मोजणीने ती पकडली गेली. ती पानाची वरची साल तेवढी खरवडून खाते आणि शिरा सोडते, त्यामुळे झाडावर तपकिरी जाळ्या लटकल्यासारख्या दिसतात. शेवटची कात टाकली की तो बुळबुळीत थरही जातो, खालून कोरडी पिवळी अळी निघते आणि सरळ झाडावरून मातीत उतरते. या जातीत नर क्वचितच सापडतात. माद्या एकट्याच पुढची पिढी जन्माला घालतात, आणि त्यातूनही मादीच जन्मते. मधमाशीचा कायदा मी वर सांगितला, तो इथे मोडला. एकाच गणात नियमही आहे आणि नियम मोडणाऱ्याही आहेत!

एकीने गोगलगायीचं रूप घेतलं. आपली मुळ्यावरची काय करते? मरण्याचं सोंग एवढंच तिचं हत्यार आहे का? तिच्या युरोपातल्या सख्ख्या बहिणीवर, अथालिया रोझेवर, शास्त्रज्ञांनी खूप काम केलं आहे, त्यातून एक नवल कळलं. मोहरी चावली की नाकात झणका जातो, मुळा किसला की डोळ्यांत पाणी येतं. हा झणका अख्ख्या पानात तयार नसतो. पानात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. दातांनी पान चिरडलं की कप्पे फुटतात, दोघे एकमेकांत मिसळतात आणि झणझणीत तेल तयार होतं. कितीतरी किडे या तेलापायी मोहरीच्या वाटेला जात नाहीत. अथालियाची अळी मात्र पान खाते, त्यातला एक पदार्थ आहे तसाच आपल्या रक्तात साठवून ठेवते, तेल होऊ देत नाही. मुंगीने किंवा गांधीलमाशीने तिला धरलं, की तिची पातळ कातडी जागच्या जागी फुटते आणि रक्ताचा एक थेंब बाहेर येतो. कडू! मुंगी तोंड पुसत मागे फिरते. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेला पदार्थ अळीने स्वतःच्या रक्षणाला वापरला.

जपानमध्ये तर मोठ्या माश्यांनाही असं करताना पाहिलंय. तिथल्या अथालिया क्लेरोडेंड्रम नावाच्या झुडपावर जातात आणि त्याची पानं कुरतडतात. पोट भरायला नाही, त्यातली कडू द्रव्यं अंगात घ्यायला. आपल्याकडे पावसाळ्यात भारंगीची भाजी खातात, तिचं हे झुडूप जवळचं नातलग. भारंगीही कडूच, म्हणून उकळून पाणी टाकून देतात. आपल्या मुळ्यावरच्या माश्या भारंगीच्या झुडपांवर बसतात का, ते रानातून जाताना जरूर बघा. माझी तर फार इच्छा आहे हे बघायची.

तरीही हिचे शत्रू आहेत, आणि गंमत म्हणजे ते घरातलेच. पेरिलिसस नावाची एक बारीक कंबरेची माशी करवतमाशीच्या अळीच्या अंगात आपलं अंडं घालते. आतून पिल्लू निघतं आणि अळीवरच वाढतं. पेरिलिससही हायमेनॉप्टेरा गणातलीच. वर ज्या दोन फांद्या पाहिल्या, त्यांतली धाकटी थोरलीला खाते.

या सगळ्यातून वाचलेली अळी काय करते? अंडं फुटायला आठवडाभर, मग अळीपण थंडी किती आहे त्यानुसार दोन ते पाच आठवडे. पोट भरलं की ती मातीत शिरते आणि स्वतःभोवती एक लांबटगोल कोष विणते. त्यात पाणी शिरत नाही. साधारण अकरा दिवसांनी माशी बाहेर येते, आणि तिचं आयुष्य आठवडाभराचं. ऑक्टोबर ते मार्च अशा दोन-तीन पिढ्या होतात. उन्हाळा मात्र कोषातच, मातीखाली.

आता वाफ्यावरच्या आजीचं काय? त्यांचा मुळा तर जाळीदार झाला. इथे तुमची मोजणी कामाला येते. पतंगांच्या अळ्यांवर फवारण्यासाठी बीटी नावाच्या जिवाणूची पावडर मिळते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीवर ती चालते. करवतमाशीच्या अळीवर तिचा काही परिणाम होत नाही. पाय न मोजता ती आणून फवारली तर पैसे गेले, आणि अळ्या पान खातच राहिल्या. करवतमाशी आहे हे पक्कं कळलं, तर सोपे उपाय आहेत. सकाळी लवकर रोपं हलवायची. अळ्या मेल्याचं सोंग घेऊन खाली पडतातच, त्या साबणाच्या पाण्याच्या ताटात पडू द्यायच्या. रोपं लहान असताना वेळेवर पाणी द्यायचं, पाण्यात सापडलेल्या बऱ्याच अळ्या बुडून मरतात. निंबोळी अर्क फवारायचा. आणि उन्हाळ्यात जमीन नांगरून उघडी टाकायची, म्हणजे खालचे कोष वर येतात, मग ऊन आणि साळुंक्या त्यांचं बघून घेतात.

तुम्हाला माशी अळीतून निघताना बघायची असेल तर दोन-तीन अळ्या आजींकडून मागून घ्या. त्या आनंदाने देतील! रुंद तोंडाच्या बरणीत चार बोटं ओलसर माती, वर मुळ्याची ताजी पानं, आणि तोंडाला मलमलचं फडकं. पानं रोज बदला, जुनी कुजू देऊ नका. अळ्या एके दिवशी दिसेनाशा होतील. घाबरू नका, मातीत गेल्या. माती उकरू नका आणि पार वाळूही देऊ नका. दोन आठवड्यांच्या आत-बाहेर फडक्याखाली नारिंगी माशी बसलेली सापडेल. आधी तिचे पंख मोजा, मग कंबर बघा.

आणि माशी जपून ठेवायची असेल, शाळेला द्यायची असेल, तर तिच्यासोबत चिठ्ठी हवीच. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या संग्रहांतसुद्धा प्रत्येक किड्याखाली अशी इवलीशी चिठ्ठी टोचलेली असते. चिठ्ठी नसलेला किडा कितीही सुंदर असो, कुठे, कधी, कशावर सापडला हे कळत नसेल तर शास्त्रज्ञाला त्याचा फारसा उपयोग नाही. तुमच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात, पेन्सिलने लिहा, कारण शाई फुटते. गाव भिसेगाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. तारीख. झाड, मुळा. अळी किती तारखेला मातीत गेली आणि माशी किती तारखेला निघाली. खाली तुमचं नाव.